फ्यूज उपटायचे की मिलिव्होल्ट मोजायचे?

सोमवारी गाडी एका सेल्फमध्ये सुरू, गुरुवारी नुसतं टक्-टक्. बॅटरी नवी, चार्जिंग ठीक. म्हणजे उभ्या गाडीत कुणीतरी करंट पितंय, तेही लहर येईल तेव्हा.

गॅरेजवाल्यांची जुनी पद्धत म्हणजे निगेटिव्ह केबल सोडवून मधे मल्टिमीटर लावायचा आणि एकेक फ्यूज उपटत आकडा कधी पडतो ते बघायचं. जुन्या, साध्या गाडीत झकास. नव्या गाडीत मात्र केबल सुटली की झोपायचं विसरून जागं अडकलेलं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट रीसेट होतं, मग शहाण्यासारखं झोपतं. चोर पसार! मीटर मधे असताना चुकून सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच.

मिलिव्होल्टच्या पद्धतीत काहीच काढायचं नाही. बॉनेट उघडं, दाराचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून गाडीला दार बंद भासवायचं, किल्ली लांब ठेवायची आणि तासभर थांबायचं. (हा तासच लोक थांबत नाहीत.) मग फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्टवर लावलेल्या मल्टिमीटरचे प्रोब टेकवायचे. शून्य असेल तर ती वाट शांत; आकडा दिसला तर त्या फ्यूजमधून करंट वाहतोय. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर ०.४ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ५० मिलिअँपिअर. बहुतेक गाड्यांत एवढा करंट अख्ख्या गाडीला पुरतो.

अधूनमधूनच्या गळतीला मी हीच पद्धत धरतो. फक्त अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) डायोड गळत असेल तर अल्टरनेटरची जाड केबल बहुधा या छोट्या फ्यूजांतून जातच नाही. तिथे डीसी क्लॅम्प मीटरच हवा, म्हणजे केबल न सोडवता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा.