राजगुरुनगरची एक दिवसाची सहल: वाडा छान उलगडला, पुस्तिका मात्र सुधारायला हवी

पुण्यातील एका खासगी संस्थेच्या एक दिवसाच्या सहलीतून, आठवीतल्या मुलीला बरोबर घेऊन, हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्मवाडा नुकताच पाहून आले. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव ही नावे आपण एका दमात घेतो आणि त्यात मधले नाव ज्या मुलाचे, तो मुलगा हरवून जातो. या सहलीत तो भेटला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बस वेळेवर सुटली, जेवण साधे आणि चवदार होते. पैसे खरे वसूल झाले ते भीमेच्या काठी. मार्गदर्शकांनी थेट वाड्यात न नेता आम्हाला आधी नदीशी उभे केले आणि २४ ऑगस्ट १९०८ रोजी या गावात, म्हणजे तेव्हाच्या खेडमध्ये, जन्मलेल्या, लहानपणीच वडिलांना मुकलेल्या आणि पुढे संस्कृत शिकायला काशीला गेलेल्या मुलाची हकीकत सांगितली. मग जन्मखोलीबाहेर त्यांनी एक कापडी नकाशा पसरला. खेड, काशी आणि लाहोर येथे टाचण्या टोचून त्यांना तांबडा दोरा गुंडाळलेला होता. पोलिसांच्या लाठीमारात जखमी झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबर १९२८ रोजी गेले आणि त्याचा सूड म्हणून बरोबर महिन्याने लाहोरात साँडर्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी राजगुरूंनी झाडली, हे सांगताना त्यांनी आवाज मुळीच चढवला नाही. मुलीने तेव्हाचे वय विचारले. “वीस,” ते म्हणाले. ती बराच वेळ लाहोरकडचे ते दोऱ्याचे टोक चाचपत राहिली.

वाड्यासाठी जेमतेम पाऊण तास आणि वाटेतल्या खरेदीसाठी तासभर, हे गणित मला पटले नाही. त्यापायी काशीतले दिवस, जिथे त्यांचे क्रांतिकारकांशी संबंध जुळले, दोन वाक्यांत उरकले गेले. त्याहून गंभीर चूक सहलीत दिलेल्या पुस्तिकेत आहे. असेंब्लीत बॉम्ब टाकणाऱ्यांत तिने राजगुरूंचे नाव छापले आहे. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीत ते बॉम्ब भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी टाकले. राजगुरू त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पुण्यात पकडले गेले. फाशीची तारीखही २४ मार्च अशी दिली आहे. ठरली होती ती २४ लाच, पण सरकारने २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळीच तिघांना लाहोरच्या तुरुंगात फासावर चढवले.

दोन्ही चुका संस्थेला लेखी कळवल्या आहेत. तोवर जाणाऱ्यांनी पुस्तिका पिशवीतच ठेवावी, मुलांना अवश्य न्यावे आणि नदीकाठची ती पहिली दहा मिनिटे चुकवू नयेत.