पोर्क रोस्टसाठी घेतलेला डिजिटल थर्मामीटर: चार महिन्यांनंतर

गेल्या चार महिन्यांत घरच्या ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) सहा वेळा पोर्क भाजले आणि सहाही वेळा हा घडीचा डिजिटल थर्मामीटर वापरला. नऊशे रुपयांच्या आसपास मिळालेल्या या साध्या वस्तूने माझ्या रोस्टमध्ये जो फरक पडला, तो महागड्या ट्रेने किंवा आयात केलेल्या हर्ब्जनी कधीच पडला नव्हता.

पूर्वी मी घड्याळाकडे पाहून भाजत असे. डुकराचे मांस कच्चे राहिले तर पट्टकृमीचा धोका, ही धास्ती लहानपणापासून मनात असल्यामुळे कमरेचा बिनहाडाचा तुकडा तास-दीड तास ओव्हनमध्ये राहायचा आणि चोथ्यासारखा कोरडा होऊन बाहेर यायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये पोर्कच्या अखंड तुकड्यासाठी आतले किमान तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सिअसवर आणले आणि बाहेर काढल्यावर तो किमान ३ मिनिटे न कापता ठेवण्यास सांगितले. खिम्यासाठी मात्र ७१ अंशच कायम आहेत. हा आठ अंशांचा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

आता सव्वा किलोच्या तुकड्याला आदल्या रात्री मीठ, ठेचलेला लसूण, रोझमेरी, थाइम आणि भरडलेली बडीशेप चोळून ठेवते. ट्रेमध्ये बटाटे, गाजर आणि कांद्याच्या जाड फोडी पसरून वर मांस ठेवते आणि ओव्हन १८० अंशांवर लावते. आकडा ६० वर आला की तुकडा बाहेर काढून फॉइलने सैलसर झाकते. पंधरा मिनिटांत आतल्या उष्णतेनेच तो ६३-६४ पर्यंत चढतो. तेवढ्या वेळात चरबीत न्हालेल्या भाज्या २२० अंशांवर पुन्हा आत जातात आणि कडांना खरपूस होतात. सुरी फिरवल्यावर मधला भाग फिकट गुलाबी दिसतो आणि पाटावर रस उतरतो. हा गुलाबी रंग पाहून पहिल्यांदा सासूबाईंनी ताट बाजूला सारले होते. आकडा दाखवल्यावर मात्र त्यांनी चव घेतली.

खांद्याच्या तुकड्याला हा हिशेब लागू नाही. ६३ अंशांवर तो खाण्यास सुरक्षित असला तरी चिवट लागतो, कारण त्यातले कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारे प्रथिन, विरघळायला मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. म्हणून तो १५० अंशांच्या ओव्हनमध्ये आतून ९० पर्यंत नेते.

आल्या आल्या उकळत्या पाण्यात तपासले तेव्हा यंत्राने ९८ दाखवले आणि मी ते परत करायला निघाले होते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या सुमारासच उकळते, हे नंतर ध्यानात आले. बर्फाच्या पाण्यात आकडा बरोबर शून्यावर आला.

उणिवाही आहेत. पडद्याला दिवा नाही, बिजागरीत पाणी शिरेल म्हणून धुताना जपावे लागते, आणि सळईचे टोक हाडाला न टेकता सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत जायला हवे, ही महत्त्वाची सूचना माहितीपत्रकात कुठेही नाही. शिवाय प्रत्येक वेळी दार उघडावे लागते आणि ओटीजीची उष्णता झटकन उतरते. कमरेच्या तुकड्याला दोनदा मोजून भागते, पण खांदा वरचेवर भाजणाऱ्यांनी सळई आतच राहणारा, वायरचा थर्मामीटर घ्यावा.