बिनझेंड्याची शांतता फेरी की मागणीचा मोर्चा? दूरच्या युद्धासाठी रविवार कुठे घालवावा

‘रविवारी सकाळी साडेसात. पांढरे कपडे. पक्षाचे झेंडे नकोत, घोषणा नकोत, कुणाचाही निषेध नको. फक्त शांततेसाठी चालायचं.’ गाझा असो, युक्रेन असो की सुदान, असा मेसेज सोसायटीच्या नाहीतर कॉलेजच्या ग्रुपवर कधी ना कधी येतोच. (सोबत मेणबत्ती आणा, असंही असतं. सकाळी साडेसातला मेणबत्ती कशाला, हे विचारायचं नसतं.) त्याच आठवड्यात दुसऱ्या ग्रुपवर मोर्चाचं आवाहन येतं. त्यात निषेध असतो, मागण्या असतात, बहुधा एखाद्या पक्षाचं नावही असतं. तिसरा कुणी मदतनिधीचा क्यूआर कोड टाकून मोकळा होतो. रविवार एकच, मग जायचं कशाला?

माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाचीच बाजू न घेणारी फेरी दूरचं युद्ध थांबवत नाही. पण ती कुणाच्या दारात जाऊन थांबणार आणि तिथे काय मागणार हे ठरलेलं असेल, तर तिच्यात मोर्चापेक्षाही जास्त ताकद येऊ शकते. बहुतेक फेऱ्यांमध्ये नेमकं हेच ठरलेलं नसतं.

बाजू न घेता चालणं

याचं सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात फसलेलं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या जखमा ओल्या असताना, १ मार्च १९६३ रोजी दिल्लीच्या राजघाटावरून ‘दिल्ली ते पेकिंग’ अशी मैत्री पदयात्रा निघाली. तिचे नेते होते शंकरराव देव, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र परिषदेमुळे मराठी माणसाला ठाऊक असलेले देव. सोबत सर्वोदयातले कार्यकर्ते आणि काही परदेशी शांतिवादी. त्यांना दोन्ही देशांच्या सामान्य माणसांशी बोलायचं होतं. इथे लोक विचारत, आक्रमण त्यांनी केलं आणि मैत्रीचा हात आपण का पुढे करायचा? तिकडे चीननं दार उघडलंच नाही. ब्रह्मदेशानं वाट दिली नाही, पूर्व पाकिस्ताननंही नाही. यात्रा आसामपर्यंत गेली आणि तिथेच संपली. दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवायला गेलेल्यांना दोन्ही बाजूंनी परकं ठरवलं.

त्याच सुमारास दोन तरुण मात्र दिल्लीहून थेट वॉशिंग्टनपर्यंत पोचले. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे १९६२ साली निघाले. निघताना विनोबांनी त्यांना सल्ला दिला की खिशात पैसे ठेवू नका. म्हणजे रोज कुणाच्या तरी दारात जावं लागेल, बोलावं लागेल. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत ते सोव्हिएत संघात शिरले. तिथे जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या एका बाईनं त्यांना चहाचे चार पुडे दिले: मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या राज्यकर्त्यांसाठी एकेक. अणुबॉम्बचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी थांबा आणि हा चहा प्या, असा निरोप. यांच्या चालण्यानं अण्वस्त्रं कमी झाली, असं कुणी म्हणणार नाही. १९६३चा अंशतः अणुचाचणीबंदी करार झाला तो १९६२च्या क्युबातल्या क्षेपणास्त्र-संकटाचा धसका आणि महासत्तांचं गणित यांतून. पण देवांच्या यात्रेहून यांचं एक बाबतीत वेगळं होतं. मागणी एकच होती, अण्वस्त्रं टाकून द्या, आणि ती कुणाकडे करायची ते चार पत्ते पुड्यांसोबतच ठरलेले होते.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची गोष्ट आणखी बोलकी आहे. १० ऑगस्ट १९७६ रोजी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात आयआरए या ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा एक गाडीचालक मेला, बेताल गाडी फुटपाथवर चढली आणि एकाच आईची तीन मुलं गेली. हे पाहणाऱ्या बेटी विल्यम्स आणि त्या मुलांची मावशी मेरेड कॉरिगन यांनी फेऱ्या सुरू केल्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा एकमेकांविरुद्ध उभ्या समाजांतल्या बायका हजारोंनी एकत्र चालल्या, एकमेकींच्या वस्त्यांमधून. नोव्हेंबरात लंडनच्या ट्रफाल्गर चौकातही सभा झाली. दोघींना १९७६चं शांततेचं नोबेल मिळालं. पुढच्या वर्षी हिंसेतले बळी बरेच घटले. त्यात फेऱ्यांचा वाटा किती आणि बंदोबस्ताचा किती, यावर आजही वाद घालता येतो. मग चळवळ ओसरली. ‘हिंसा थांबवा’ याच्यापुढे काय, कैद्यांचं काय, पोलिसांचं काय, नोकऱ्यांतल्या भेदभावाचं काय, यावर फेरीकडे सर्वांना पटेल असं उत्तर नव्हतं. करार झाला तो १९९८च्या गुड फ्रायडेला, आणि त्यासाठी हत्यारवाल्यांच्या राजकीय पक्षालाच टेबलावर बसवावं लागलं. तरी त्या करारावर सार्वमत घेतलं तेव्हा उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. त्या ‘हो’ची मशागत १९७६मध्ये झाली होती असं मला वाटतं, पण हे सिद्ध करता येणार नाही.

आता पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया. २००३, यादवी युद्ध चालू. लेमा बोवी आणि तिच्या सोबतच्या ख्रिश्चन-मुस्लिम बायका पांढरे टीशर्ट घालून राजधानी मोनरोव्हियात रस्त्याकडेच्या मैदानात रोज बसत होत्या. अध्यक्ष चार्ल्स टेलर यांची बाजू नाही, बंडखोरांचीही नाही. आपल्या पांढऱ्या कपड्यांच्या फेरीशी दिसायला इतकं साम्य दुसऱ्या कशाचंच नाही. पण घानात अक्रा इथे वाटाघाटी सुरू झाल्या आणि नुसत्याच लांबत गेल्या, पुढारी हॉटेलात मजेत राहू लागले, तेव्हा या बायका तिथे पोचल्या. जुलैत त्यांनी सभागृहाच्या दारात हातात हात अडकवून बैठक मारली. करार केल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. रक्षक उठवायला आले तेव्हा बोवीनं अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईनं असं करणं हा तिथे पुरुषांसाठी भयंकर शाप. नायजेरियाचे माजी लष्करी राष्ट्रप्रमुख आणि मध्यस्थ अब्दुलसलामी अबुबकर यांना येऊन बोलावं लागलं. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. टेलर यांच्यावर आधीच सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाचं आरोपपत्र होतं, राजधानीला बंडखोरांचा वेढा होता, नायजेरियाचं सैन्य येत होतं. एकट्या बायकांनी युद्ध थांबवलं असं सांगणं भाबडेपणाचं. पण दार त्यांनी अडवलं होतं, आणि ते दार नेमकं होतं.

मुद्दा हा की या बायका स्वतः त्या युद्धात होरपळत होत्या. पुण्यात किंवा ठाण्यात चालणाऱ्या आपल्याला अक्राचं ते दार नाही. मग आपलं दार कोणतं?

बाजू घेऊन, मागणी घेऊन

१५ फेब्रुवारी २००३ रोजी इराक युद्धाविरुद्ध जगभरच्या सुमारे ६०० शहरांत लोक रस्त्यावर आले. रोमचा मोर्चा सुमारे ३० लाखांचा, गिनेस बुकात गेलेला. लंडनमध्ये दहा लाखांच्या आसपास. महिनाभरानं, २० मार्चला, युद्ध सुरू झालंच. मोर्चांचा उपयोग नाही म्हणणारे हे उदाहरण तोंडावर फेकतात, आणि त्यांचं चूक नाही.

पण त्याच दिवसांत तुर्कस्तानात काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेला तुर्कस्तानच्या भूमीवरून उत्तर इराकमध्ये सुमारे ६२ हजार सैनिक घुसवायचे होते. १ मार्चला अंकारात संसदेचं मतदान चालू असताना शहरात हजारो लोक निदर्शनं करत होते. बाजूनं २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. हजर खासदारांचं निम्म्याहून जास्त बहुमत लागत होतं, ते तीन मतांनी हुकलं. अमेरिकेची उत्तर आघाडी बारगळली, जहाजांवरची डिव्हिजन वळसा घालून कुवेतला न्यावी लागली. युद्ध थांबलं नाही, पण तुर्कस्तान त्यात ओढला गेला नाही. भारताकडेही अमेरिकेनं सैन्य मागितलं होतं. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारनं नकार कळवला. त्या निर्णयात रस्त्यावरच्या मोर्चांचा वाटा तराजूत घालून मोजता येत नाही, पण संसद आणि जनमत विरोधात आहे हे सरकारला लख्ख दिसत होतं. आणि लंडनचं म्हणाल तर १० वर्षांनी, ऑगस्ट २०१३मध्ये, सीरियावर कारवाईचा ठराव ब्रिटिश संसदेत २७२ विरुद्ध २८५ असा पडला. त्या चर्चेवर इराकची सावली होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीबद्दल तर तटस्थ राहण्याचा प्रश्नच नव्हता. भारतानं १९४६ साली व्यापार तोडला. ब्रिटनमध्ये निदर्शकांनी १९७०चा दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट दौरा रद्द करायला लावला. १९७४मध्ये डेव्हिस कपच्या अंतिम सामन्यात भारतानं त्यांच्याशी खेळायलाच नकार दिला. अमृतराज बंधूंच्या हातातली संधी गेली. हे सगळं बाजू घेणारं होतं, आणि कामी आलं. फक्त सर्वांना मताचा हक्क मिळालेली निवडणूक उजाडायला १९९४ साल लागलं.

दोन्ही शेजारी ठेवून पाहा. फेरीला माणसं जमतात. शाळा येतात, आजी येतात, ज्यांना राजकारणाचा तिटकारा आहे तेही येतात. मोर्चाला ठरलेलेच चेहरे, पण ते पुढच्या महिन्यातही येतात. फेरीत कुणी दुखावत नाही. म्हणूनच सत्तेतल्या कुणाला तिची दखल घ्यावी लागत नाही. मोर्चात भांडण होतं, घरातही होतं, आणि कोर्टातही जावं लागतं. गाझासाठी मुंबईत निदर्शनं करायची परवानगी मिळावी म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला, तेव्हा जुलै २०२५मध्ये ‘आपल्या देशाचे प्रश्न पाहा’ असं ऐकून परतावं लागलं. ऑगस्टमध्ये आझाद मैदानात निदर्शनं झाली. हजारो मैलांवरच्या युद्धाशी आपला काय संबंध, हा प्रश्न फेरीवाल्यांना कुणी विचारत नाही. माझ्या मते विचारायला हवा, कारण त्याचं उत्तर शोधलं की दार सापडतं.

तिथे जाऊन उभं राहणं, आणि पैसे

हे दोन पर्याय थोडक्यात. निःशस्त्र संरक्षणाचं काम करणाऱ्या संस्था आहेत; त्यांतल्या नॉनव्हायोलंट पीसफोर्सचा स्थापना मेळावा २००२ साली दिल्लीजवळच सूरजकुंडला झाला होता. दक्षिण सुदानमध्ये बोर इथे एप्रिल २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छावणीवर हल्ला झाला, तेव्हा त्यांचे दोन कार्यकर्ते एका झोपडीत बायका-मुलांसोबत थांबले. बंदूकधारी तीनदा आले, तुम्ही निघा म्हणाले. यांनी ओळखपत्रं दाखवली आणि निघायला नकार दिला. आतली सगळी वाचली. बाजू न घेण्याचा इतका रोकडा उपयोग मला दुसरा माहीत नाही. पण हे प्रशिक्षण घेऊन वर्षानुवर्षं करायचं काम आहे, रविवारचं नाही.

पैसे द्यायचे तर आधीपासून तिथे काम करणाऱ्या मोठ्या संस्थेला द्या. त्यानं युद्ध थांबत नाही, जखमेवर टाके पडतात. तेही लागतातच.

मग फेरीचं काय करायचं

२०१६चे मराठा मूक मोर्चे आठवा. विषय सर्वस्वी वेगळा होता, पण बांधणी बघण्यासारखी होती. घोषणा नाहीत, व्यासपीठावर पुढारी नाहीत, लाखो लोक गप्प. आणि शेवटी मुली जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात लेखी निवेदन देत. त्यात मागण्या क्रमांक घालून लिहिलेल्या. गप्प चालणं आणि काहीच न मागणं यांत हा फरक आहे.

दूरच्या युद्धासाठीही असं पान लिहिता येतं. गाझाच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत ऑक्टोबर २०२३मध्ये तटस्थ राहिला, डिसेंबर २०२३मध्ये युद्धबंदीच्या बाजूनं गेला, जून २०२५मध्ये पुन्हा तटस्थ. याचा अर्थ हे मत हलू शकतं, आणि ते का हललं हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. हे विचारायला हमासची किंवा इस्रायलची बाजू घ्यावी लागत नाही. सुदानचं पाहा: एप्रिल २०२३पासून दोन सेनापती देश फाडतायत, आणि तिथल्या सोन्याचा मोठा हिस्सा दुबईच्या बाजारातून जगात जातो. भारतही दुबईकडून सोनं घेतो. तेव्हा आयात सोन्याचं मूळ तपासा, ही मागणी झवेरी बाजारापासून चालत जाऊन करता येईल. तिला कुठल्या सेनापतीचं नाव लागत नाही, कुठल्या पक्षाचा झेंडाही लागत नाही.

म्हणून आवाहन आलं की संयोजकांना दोन गोष्टी विचारा: निवेदन कुणाला देणार, आणि त्यात काय लिहिलंय. उत्तर मिळालं तर जा, शेजाऱ्यालाही न्या. ‘फक्त शांततेसाठी’ एवढंच उत्तर आलं, तर मी मागणीच्या मोर्चाकडे वळेन, त्यातल्या चार घोषणा पटत नसल्या तरी.

आणि तुम्हीच संयोजक असाल तर तारीख पोलीस परवानगी आणि खासदार, दोघांच्या हिशेबानं धरा. लोकसभेत प्रश्न विचारायचा तर खासदाराला किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. म्हणजे फेरी अधिवेशन सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी काढावी, खासदार मतदारसंघात असताना, आणि ती त्यांच्या कार्यालयापाशी संपावी.