फ्रँचायझीचा बोर्ड लावावा की स्वतःच्या नावाचा?

मार्च आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "ॲबॅकसची फ्रँचायझी घेऊ, की घरीच शिकवण्या सुरू करू?" मी नाशिकमध्ये पाच वर्षं ॲबॅकसची, म्हणजे मण्यांच्या पाटीवर हिशेब शिकवणारी फ्रँचायझी चालवली; क्लास माझा, पण नाव आणि पुस्तकं कंपनीची. त्याच काळात माझी जाऊ दोन गल्ल्या पलीकडे हॉलमध्ये सतरंजी टाकून पहिली ते सातवीच्या शिकवण्या घेत होती. दर दिवाळीत आम्ही वह्या समोरासमोर ठेवून बसायचो, म्हणून थोडं सांगायचा हक्क आहे असं समजते.

पहिल्या वर्षी फ्रँचायझीच जिंकते, यात वाद नाही. मी त्या भागात नवखी होते. पण बोर्डवर पालकांनी कुठेतरी पाहिलेलं नाव होतं, आणि पत्रकं, प्रमाणपत्रं, स्पर्धेचे चषक सगळं तयार मिळत होतं. दोन महिन्यांत पंधरा मुलं आली. जावेकडे तेव्हा चार होती, त्यातली दोन भाचरं. तिसऱ्या वर्षी चित्र फिरलं. माझ्याकडे येणारी आई बोर्ड वाचून येत नव्हती, "आमच्या शेजारच्या आर्यला तुम्ही शिकवता ना?" असं विचारत येत होती. म्हणजे मुलं आता माझ्या नावावर येत होती, आणि रॉयल्टी, म्हणजे फीमधला कंपनीचा वाटा, कंपनीच्या नावाची जात होती.

पैशाचं सांगते. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या करारातले वेगळे असतील. चाळीस मुलं, महिना १,००० रुपये फी, म्हणजे ४०,००० जमा. रॉयल्टी २५ टक्के धरली तर १०,००० गेले. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,८००. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे तुम्ही स्वतः जीएसटीत नोंदलेले नसाल, तर हे १,८०० कुठेही वळते करून घेता येत नाहीत. तो निव्वळ खर्च. गाळ्याचं भाडं १२,०००, मदतीला एक बाई ८,०००, वीज-फोन १,५००. हातात उरले ६,७००. आणि प्रशिक्षणाला भरलेली सुरुवातीची रक्कम यात धरलेलीच नाही.

आता हीच चाळीस मुलं स्वतःच्या क्लासमध्ये धरा. नाव नाही म्हणून फी ६००, जमा २४,०००. गाळा, बाई आणि वीज-फोन तेच, झेरॉक्सचे १,००० वेगळे. उरले १,५००! फ्रँचायझीपेक्षाही कमी. पण जाऊ घरच्या हॉलमध्ये एकटीच शिकवते. तिच्या तीस मुलांचे १८,००० येतात, त्यातून झेरॉक्स आणि खडू-पेन गेले तरी १७,००० उरतात. आमच्या दोघींत खरा फरक रॉयल्टीपेक्षा भाड्याने पाडला होता. घरात वेगळी खोली असेल आणि सोसायटी कुरकुर करणार नसेल, तर फ्रँचायझीचा विचार निम्मा तिथेच संपतो. मात्र काही कंपन्या घरी केंद्र चालवू देतात, काही रस्त्यावरचा गाळाच मागतात. हे आधी विचारा. मे महिन्यात मुलं गावी जातात, फी येत नाही, भाडं मात्र चुकत नाही. बारा महिन्यांचा हिशेब करताना उत्पन्न दहाच महिन्यांचं धरा.

शिकवण्याची मोकळीक हा मुद्दा शिक्षकी पेशातून येणाऱ्यांना जास्त टोचतो. फ्रँचायझीत पुस्तक त्यांचं, क्रम त्यांचा, प्रत्येक लेव्हलची, म्हणजे अभ्यासक्रमाच्या टप्प्याची, परीक्षाही त्यांची. तोरू कुमोन या जपानी गणितशिक्षकाने १९५४ मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या उदाहरणांतून जी कुमोन पद्धत उभी राहिली, तिच्यात तर प्रत्येक मूल आपापल्या पातळीचे कागद सोडवतं. फळ्यापुढे उभं राहून शिकवणं अपेक्षितच नाही. ज्याला बोलून शिकवण्याची हौस आहे त्याचा तिथे जीव घुसमटेल. उलट जावेने चौथीच्या पालकांनी मागितलं म्हणून नवोदयची तयारी सुरू केली, पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची. कोणाला विचारावं लागलं नाही. पण रविवारी रात्री अकरा वाजता प्रश्नपत्रिका काढत बसलेलीही तीच असायची. मी तेव्हा झोपलेली असायचे.

करार नीट वाचा, हे सगळेच सांगतात. मी चारच गोष्टी सांगते. किती अंतरात कंपनी दुसरं केंद्र देणार नाही? नूतनीकरणाला पुन्हा किती पैसे? मुलांना द्यायची पुस्तकं-साहित्याची किट महाग झाली तर तो भार कोणावर? आणि सोडताना पालकांच्या नंबरांची यादी कोणाची? आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळं कराराच्या कायद्यावर चालतं. "सोडल्यावर दोन वर्षं क्लास काढायचा नाही" अशी अट असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे अशी अट करार संपल्यानंतर साधारणपणे टिकत नाही. मात्र करार चालू असताना ती लागू होते, आणि त्यांची पुस्तकं, त्यांचं नाव नंतर वापरलंत तर ती वेगळी भानगड. स्टॅम्पपेपरवर सही करण्याआधी वकिलाला दाखवायला लाजू नका.

माझं मत विचाराल तर, वस्तीत कोणी ओळखत नसेल आणि शिकवण्याचा अनुभव नसेल, तर फ्रँचायझी घ्या, पण तीन वर्षांचं शिक्षण समजून. शाळेत दहा वर्षं शिकवून घरी बसला असाल, तर घेऊ नका. तुमचं नाव आधीच तयार आहे.

आणि घ्यायचीच ठरली, तर कंपनीच्या माणसाशी बोलण्याआधी त्याच कंपनीचं केंद्र चार वर्षं चालवणाऱ्या कोणाला तरी गाठा. चहा घेता घेता एकच विचारा, पहिल्या लेव्हलला बसलेल्यांपैकी चौथ्या लेव्हलला किती मुलं उरतात. कंपनीचा माणूस तुम्हाला पहिल्या लेव्हलचा आकडा सांगेल.