इतवारीतला लोखंडी कूलर: दोन उन्हाळे वापरल्यानंतर

नागपुरात मार्च लागला की घराघरांत एकच विषय निघतो: कूलरच्या ताट्या बदलायच्या, की यंदा एसी घ्यायचा? आमच्या घरी हा विषय २०२४ च्या मार्चमध्ये निघाला, कारण अठरा वर्षे चाललेल्या जुन्या कूलरची टाकी तळातून सडली होती आणि वेल्डिंगवाल्याने त्या पत्र्याला हात लावायलाच नकार दिला होता. यजमानांनी दोन रात्री बसून हिशेब मांडला आणि एसीऐवजी पुन्हा लोखंडी कूलरच घ्यायचे ठरवले. मी त्याला मनापासून संमती दिली. तो कूलर आता दोन उन्हाळे वापरून झाला आहे. त्याच्याविषयी लिहिताना कूलर कसा आहे एवढेच सांगून मला थांबता येणार नाही, कारण या खरेदीत आम्हा दोघांची काटकसर किती वेगवेगळ्या प्रकारची आहे, हे मला प्रथमच नीट दिसले.

या कूलरवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानांजवळ असे कूलर मागणीप्रमाणे बांधून देणारे कारागीर आहेत आणि त्यांतल्याच एकाकडून आम्ही तो घेतला. जस्ती पत्र्याचे अंग, तीन बाजूंना वुडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक तूस, भरलेल्या ताट्या, वर भोके पाडलेली पन्हळ, अठरा इंची पंखा आणि खाली साधारण सत्तर लिटरांची टाकी, अशी त्याची रचना आहे. कूलरचे ८,२०० रुपये, लोखंडी स्टँडचे ९०० आणि हातगाडीचे ४०० असे एकंदर ९,५०० रुपये लागले. त्या वेळी आम्ही पाहिलेला दीड टनाचा एसी ४२,००० रुपयांना होता.

थंडाव्याच्या बाबतीत या कूलरला मी पूर्ण गुण देईन. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि आपल्याकडची एप्रिल-मेमधली हवा इतकी कोरडी असते की ताटीतून झिरपणारे पाणी ती अधाशासारखी पिऊन टाकते. ज्या शहराने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान पाहिले आहे, त्या शहरात पत्र्याच्या या साध्या पेटीने दुपारी दोन वाजता माणसाला डोळा लागू द्यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते. अट एकच आहे: समोरची खिडकी उघडी हवी. खोली बंद करून कूलर लावला तर हवा दमट होते आणि अंग चिकट होते. पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपतो, आणि जूनच्या अखेरीस तो निव्वळ मोठा पंखा उरतो. विजेचे म्हणाल तर पंखा आणि पंप मिळून साधारण दोनशे वॅट घेतात, म्हणजे दहा तासांना दोन युनिट. दीड टनाच्या एसीला तेवढ्याच वेळात आठ-दहा युनिट सहज लागले असते, आणि महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर वाढतो, तीनशेच्या पुढे आणखी वाढतो, हे घर चालवणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते.

हा सगळा हिशेब यजमानांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे. त्यांची काटकसर अशी आहे की ती कागदावर दिसते. मोठी वस्तू घ्यायची असली की चार ठिकाणी भाव काढायचे, मोटरची वाइंडिंग तांब्याची की अॅल्युमिनियमची हे विचारायचे, पत्रा किती गेजचा, म्हणजे किती जाड, हे पाहायचे आणि एकदा वस्तू पटली की मग घासाघीस न करता पैसे मोजायचे. तांब्याच्या मोटरचे १,४०० रुपये जास्त पडले, ते त्यांनी एका शब्दात मान्य केले, आणि तो निर्णय बरोबरच होता, कारण दोन उन्हाळ्यांत मोटर एकदाही तापून बंद पडली नाही. मी मात्र स्टँडच्या भावावरून दहा मिनिटे वाद घालून पन्नास रुपये कमी करून घेतले आणि परतताना मेट्रोत त्याच पन्नास रुपयांचे समाधान मानत बसले होते. सीताबर्डीच्या बाजारात भाजी, ब्लाउजपीस, डबे घेताना वर्षानुवर्षे जी सवय लागली तीच इथे कामी आली. रोजच्या बारीक खरेदीत भाव करणाऱ्या बाईला लोक चिकट म्हणतात आणि वर्षातून एकदा मोठ्या खरेदीत भाव करणाऱ्या पुरुषाला व्यवहारी म्हणतात. हा फरक स्वभावाचा नाही. कोणाच्या हाती कोणती खरेदी सोपवली आहे, त्यावरून तो पडतो, असे माझे मत आहे.

दुकानातला एक प्रसंग मात्र इथे सविस्तर सांगायला हवा. मालक यजमानांना खिडकीचे माप विचारत होते, ‘किती बाय कितीची आहे साहेब, आणि सज्जा आहे की नाही?’ तिथेच खाली पोत्यावर बसून एक बाई ताट्यांमध्ये वुडवूल भरत होत्या. त्या लाकडी तुसांचा गुंता दोन्ही हातांनी मोकळा करायच्या, जाळीवर सारखा पसरायच्या, कोपऱ्यांत बोटांनी दाबायच्या आणि वरून दुसरी जाळी ठेवून तारेने आवळायच्या. कोपरा रिकामा राहिला तर तिथून गरम हवा येते, म्हणून त्या प्रत्येक कोपरा दोनदा चाचपून पाहत होत्या. हात न थांबवता त्यांनी मला विचारले, ‘वहिनी, पाणी कोण टाकते घरी?’ मी म्हटले, ‘मीच.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग पहिल्याच दिवशी नळी अन् कॉक बसवून घ्या. मागून कोणी बसवत नाही.’

टाकीत तरंगता गोळा असलेला तो कॉक १६० रुपयांना होता. आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे आणि गच्चीवरच्या टाकीपासून गॅलरीपर्यंत नळी आणायची तर प्लंबरच्या मजुरीसह १,१५० रुपये लागणार होते. यजमान म्हणाले, ‘पाहू पुढे, गरज पडली तर.’ हे मी त्यांच्या माथी मारणार नाही, कारण त्यांच्याआधी मीच ‘कशाला उगाच’ असे म्हणून बसले होते. मी शाळेत शिकवते, माझा पगार दरमहा माझ्या खात्यात जमा होतो आणि ते पैसे देण्यासाठी मला कोणाची परवानगी लागत नव्हती. तरीही ज्या खर्चाने फक्त माझेच काम हलके होणार आहे तो खर्च मला चैनीचा वाटला. मुलाच्या शिकवणीचे पैसे भरताना किंवा सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीच्या वेळी असे कधीही वाटलेले नाही.

पहिला उन्हाळा मग बादल्यांवर गेला. आमची बादली सोळा लिटरांची आहे आणि न्हाणीघरापासून गॅलरीपर्यंत बावीस पावले आहेत. एप्रिलमध्ये दिवसाला चार-पाच बादल्या लागायच्या, आणि मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला तेव्हा आठ: सकाळी लवकर उठून तीन, दुपारी दोन, रात्री निजण्यापूर्वी तीन. शेवटच्या बादलीच्या वेळी घरातले इतर सगळे त्याच थंड हवेत झोपी गेलेले असत. सत्तर दिवसांची सरासरी सहा धरली तर सव्वाचारशेच्या आसपास बादल्या होतात, म्हणजे साडेसहा हजार लिटरांहून अधिक पाणी, आणि ते खांद्याच्या उंचीवरच्या झडपेतून आत ओतायचे. जूनमध्ये उजवा हात वर जाईना. डॉक्टरांचे शुल्क आणि फिजिओथेरपीची आठ सत्रे मिळून ३,८०० रुपये झाले. वहीत ते ‘औषधपाणी’ या पानावर लिहिले गेले, आणि कूलरच्या पानावर खाली यजमानांनी बचतीचा आकडा काढून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

ते पान वाचताना माझ्या लक्षात आले की कूलरचा पैशांचा हिशेब अगदी चोख आहे आणि त्यात एकही बादली नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले होते की घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. हे आकडे मी पूर्वी कधीतरी वाचले होते आणि विसरूनही गेले होते. ते वहीच्या पानाशी जोडून पाहिले तेव्हा कळले की घरातली पुष्कळशी बचत या मिनिटांतूनच होत असते. बाहेरचा डबा न मागवणे, जुन्या चादरीच्या उशांच्या खोळी शिवणे, मिक्सरचे भांडे दुरुस्तीला नेण्यासाठी बसने जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे वाचवणे, या सगळ्याला आपण बाईची काटकसर म्हणतो. पुरुषाची काटकसर बहुधा एखादी वस्तू न घेण्यात किंवा स्वस्तातली घेण्यात असते. बाईची काटकसर त्या न घेतलेल्या वस्तूचे काम स्वतः करण्यात असते.

आमच्या सासूबाईंची रीत तिसरीच. त्या डाळीच्या डब्यात पैसे ठेवत आणि कोणाला सांगत नसत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा त्यांनी तुरीच्या डब्याच्या तळातून अकरा नोटा काढून मुलासमोर ठेवल्या आणि जणू काही चुकल्यासारख्या मान खाली घालून बसल्या. घरासाठीच साठवलेला पैसा होता तो. पण वहीत लिहिलेली बचत ताठ मानेने दाखवता येते आणि डब्यातली लपवावी लागते, हे मी त्या रात्री पाहिले आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये ताट्या बदलायला गेलो तेव्हा मी नळी आणि कॉक बसवायचे सांगितले. यजमानांनी विचारले, ‘मागच्या वर्षीच का नाही म्हणालीस?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि त्यांच्या विचारण्यात टोमणाही नव्हता. बादलीचे काम त्यांना दिसले नव्हते आणि मी ते मोजले नव्हते. त्यांनी त्याच दिवशी प्लंबर बोलावला. दुसऱ्या उन्हाळ्यात कूलर आपोआप भरत राहिला, आणि मी मेमध्ये दुपारी दोन तास झोपले.

आता कूलरचे दोष. पहिल्याच पावसाळ्यानंतर टाकीच्या एका कोपऱ्यात गंज धरला. कारागिराने आतून रंग दिला होता, पण जोडावर तो नीट बसला नव्हता. तक्रार केल्यावर मालकांनी जोड विनामूल्य घासून पुन्हा रंगवून दिला, मात्र तीन चकरा मारायला लावल्या. पंप दुसऱ्या वर्षी गेला, त्याचे ३५० रुपये पडले. नव्या वुडवूलला पहिले दोन दिवस ओल्या लाकडाचा उग्र वास येतो. पुठ्ठ्याच्या मधाच्या पोळ्यासारख्या ताट्या २,१०० रुपयांना मिळत होत्या आणि त्या दोन-तीन वर्षे टिकतात असे दुकानदार सांगत होते, पण आमच्याकडे बोअरचे पाणी असल्यामुळे क्षार साचून त्या लवकर बुजल्या असत्या. तिथे ३५० रुपयांचे साधे वुडवूल घेण्याचा माझा हट्ट योग्य होता, असे मला अजूनही वाटते.

अर्थिंगबाबत मात्र मी कोणतीही काटकसर मान्य करणार नाही. लोखंडी कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात, आणि ओल्या हाताने चालू कूलरमध्ये पाणी ओतणारी व्यक्ती बहुतेक घरांत बाईच असते. आमच्या कूलरला कारागिराने दोन पिनांचा प्लग लावून दिला होता. तो आम्ही बदलून तीन पिनांचा केला, घराचे अर्थिंग तपासून घेतले आणि ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारे बटण, बसवले. त्याला कूलरच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. प्रत्येक घराने हे आधी करावे आणि मग ताट्यांचा भाव करावा.

नळी बसवली म्हणजे काम संपते असेही नाही. टाकी सतत भरलेली राहते, त्यामुळे डासांच्या अळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे कर्मचारी कूलर तपासायला येतात ते याचसाठी. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी करावी लागते. कॉकच्या गोळ्यावर क्षार बसला की तो अडकतो आणि पाणी गॅलरीत वाहते, म्हणून दर तीन आठवड्यांनी तो काढून लिंबाने घासावा लागतो. रविवारची ही दोन्ही कामे दुसऱ्या उन्हाळ्यापासून यजमान करतात. ऑक्टोबरमध्ये त्यांनी टाकीला आतून डांबराचा हात दिला, गंजलेला जोड नीट घासून घेतला आणि वहीत डांबराचे १८० रुपये लिहून त्यापुढे ‘साडेतीन तास’ असेही लिहिले.

ज्यांना असा कूलर घ्यायचा असेल त्यांनी फेब्रुवारीतच इतवारीत जावे. होळीनंतर गर्दी होते, कारागीर घाईत जोड नीट करत नाहीत आणि भावही वाढतो. पत्रा २२ गेजचा मागावा, मोटर तांब्याचीच घ्यावी, स्टँडच्या पायांना रबराचे बूच लावून घ्यावे, नाहीतर रात्री फरशीवर थरथर ऐकू येते. कॉकचे १६० रुपये आणि नळीचा खर्च कूलरच्या किमतीतच धरून भाव काढावा.