न्यूनगंड घालवण्याचा क्लास: एक अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागे कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर, इंग्रजी संभाषण आणि व्यक्तिमत्त्व विकास यांचा एक वर्ग चालतो. ‘नव्वद दिवसांत न्यूनगंड घालवा’ असे त्याच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिले आहे. शुल्क ७,५०० रुपये आहे. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपयांच्या हमीभावाने हिशेब केला, तर ही रक्कम दीड क्विंटल सोयाबीनहून थोडी अधिक भरते, आणि तो भाव प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडला हे आपल्याकडच्या कास्तकाराला सांगायला नको. माझा पुतण्या या वर्गात होता आणि संचालकांनी मला मागच्या बाकावर बसू दिले, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही. माझी तक्रार पद्धतीविषयी आहे आणि ही पद्धत एकाच जिन्यावर सापडते असे नाही.

इंग्रजीचा भाग चांगला आहे. व्याकरणाच्या वह्या भरवण्यापेक्षा प्रत्येकाला रोज उभे राहून बोलायला लावतात, मुलाखतीचा सराव मोबाईलवर चित्रित करून दाखवतात, आणि सर मेहनती आहेत. एवढ्यासाठीच कोणी पैसे भरत असेल, तर ते वाया जाणार नाहीत.

प्रश्न आहे तो व्यक्तिमत्त्वाच्या तासाचा. या तासाला फळ्याचे दोन भाग केले जातात. एका बाजूला पुण्याचा मुलगा कसा बोलतो, कसा बसतो, काय वाचतो हे लिहिले जाते आणि दुसऱ्या बाजूला ‘आपण’. कोणाच्या तोंडून ‘मले वाटते’ असे निघाले की वर्ग हसतो आणि दहा रुपये दंड डब्यात पडतो. सरांचा हेतू वाईट नाही. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “काकाजी, पोरायले टोचल्याबिगर ते धावत नाहीत.” हे त्यांनी मला वऱ्हाडीतच सांगितले, दंड मात्र भरला नाही.

टोचल्याने माणूस धावतो ही कल्पना सर्वस्वी चुकीची नाही. मानसशास्त्रात तिला पाया घालून दिला तो व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड अॅडलर (१८७०–१९३७) यांनी. लहानपणी त्यांना मुडदूस झाला होता आणि चार वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट चालता येत नव्हते. पुढे न्यूमोनियातून ते कसेबसे वाचले आणि डॉक्टर होण्याचा निश्चय तेव्हाच झाला, असे ते सांगत. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात प्राटर उद्यानातील खेळांत काम करणारे कसरतपटूही त्यांच्याकडे उपचारासाठी येत. शरीराच्या दुबळ्या भागाची भरपाई माणूस कशी करतो, यावर त्यांनी १९०७ साली विवेचन प्रसिद्ध केले. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी १९११ मध्ये फारकत घेतल्यानंतर हाच विचार त्यांनी साऱ्या मनुष्यस्वभावाला लावला. मूल जन्मतःच लहान आणि परावलंबी असते, भोवतालच्या मोठ्यांपुढे त्याला आपली उणीव जाणवत राहते, आणि त्या जाणिवेतून वर येण्याची धडपड हीच माणसाच्या प्रेरणेची मुळाशी असलेली शक्ती होय, असे त्यांचे म्हणणे होते.

या विचाराने पाहिले तर फलकावरचे आश्वासन गोंधळाचे ठरते. उणिवेची जाणीव सर्वांनाच असते आणि ती नव्वद दिवसांतच काय, जन्मभर जात नाही. ती गेली तर माणूस शिकायचाच थांबेल. अॅडलर यांनी न्यूनगंड म्हटले ते तिच्या बिघडलेल्या रूपाला, जेव्हा माणूस ‘हे मला जमणारच नाही’ असे ठरवून टाकतो आणि त्या ठरवण्याचाच आडोसा करून प्रयत्न टाळतो. टोचणीने पहिली गोष्ट वाढते की दुसरी, हे टोचणाऱ्याच्या हातात नसते. खरा आक्षेप हाच आहे.

वर्गात मला दोन्ही प्रकार दिसले. झरीकडून येणारी एक मुलगी फळ्यावरची यादी वहीत उतरवून घेई आणि एकेक बाब खोडत जाई. तिला टोचणी मानवली. तिच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा, जो पहिल्या आठवड्यात अडखळत का होईना बोलत होता, तो दंडाच्या भीतीने गप्प झाला आणि शेवटपर्यंत गप्पच राहिला. तिसरा प्रकार माझ्या घरातला. पुतण्या घरी येऊन आजीची भाषा दुरुस्त करू लागला: “‘काऊन’ नाही आजी, ‘का’ म्हण.” म्हातारी म्हणाली, “आता काय मले शाळेत घालतं का बापा?” गावातल्या मित्रांशी तो तुसडेपणाने वागू लागला, पुण्याहून आलेल्या आतेभावापुढे मात्र त्याची मान वर होईना. अॅडलर श्रेष्ठत्वाच्या गंडाला न्यूनत्वाचाच मुखवटा मानत. फलकाच्या भाषेत बोलायचे तर पोराचा न्यूनगंड गेला नव्हता, त्याने फक्त शर्ट बदलला होता.

परिचयाच्या रिवाजावरही लिहिणे भाग आहे. नव्या विद्यार्थ्याने उभे राहून नाव, गाव, वडील काय करतात, किती एकर शेती आणि शिक्षणाचे माध्यम हे सर्व सांगायचे असते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जात जाहीर केलेली नसताना वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. मात्र नाव, गाव, बाप-आजाचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच होती, कोडीही तशीच होती. आपल्याकडे आडनाव आणि वस्ती सांगितली की जात वेगळी सांगावी लागत नाही. तेव्हा हा रिवाज पहिल्याच दिवशी कोणाचे पाय मागे ओढतो, याचा संचालकांनी विचार करावा.

या वर्गाची सर्वांत मोलाची गोष्ट मात्र त्यांच्या माहितीपत्रकात नाही. शनिवारी जुने विद्यार्थी त्याच खोलीत जिल्हा परिषद शाळेच्या चिमुकल्यांना इंग्रजी वाचायला शिकवतात. तिथे फळा दुभागलेला नसतो, दंडाचा डबा नसतो, आणि कठीण शब्द मुले वऱ्हाडीत समजावून घेतात. आठवडाभर गप्प बसणारा तो मुलगा इथे मोठ्याने वाचून दाखवत होता, कारण समोरच्या पोरीला वाचता येणे हे त्याला स्वतःच्या दिसण्यापेक्षा महत्त्वाचे वाटत होते. अॅडलर यांचा उतारा नेमका हाच होता. इतरांशी असलेले नाते आणि त्यांच्या उपयोगी पडण्याची ओढ जिथे वाढते, तिथे उणिवेची जाणीव माणसाला कामाला लावते; जिथे सगळे लक्ष स्वतःच्याच मापाकडे राहते, तिथे ती जाणीव आतल्या आत कुजते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी व्हिएन्नाच्या शाळांशी जोडून मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रे काढली, जिथे शिक्षक आणि पालकही सोबत बसत. १९३४ च्या राजकीय उलथापालथीनंतर ती बंद पडली.

शनिवारचा तास रोज का घेत नाही, असे मी संचालकांना विचारले. त्याचे शुल्क कोण देईल, असे ते म्हणाले, आणि जिन्याचे भाडे व वीजबिल पाहता त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. ज्यांना मुलाखतीपुरते इंग्रजी हवे आहे आणि ज्यांची कातडी थोडी जाड आहे, त्यांनी या वर्गाला जावे. पोरगा आधीच अबोल असेल, तर पालकांनी प्रवेशाच्या वेळीच दंड आणि फळ्याची तुलना यांतून त्याला वगळण्याची अट घालावी. माझ्या पुतण्यासाठी मी ती नंतर घातली आणि सरांनी ती खळखळ न करता मानली. बाहेरगावच्या मुलींसाठी सकाळची बॅच घ्यावी, कारण संध्याकाळची सुटेपर्यंत खेड्यांकडच्या बहुतेक एसटी निघून गेलेल्या असतात.