फ्लुओक्सेटिन की सर्ट्रालिन?

म्हापशात आईला सर्ट्रालिन (फ्लुओक्सेटिनसारखीच नैराश्यावरची गोळी) लागू पडली म्हणून लेकालाही तीच, असं होत नाही. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेची, मान्यता पाहा. मोठ्यांसाठी सर्ट्रालिनचा पसारा मोठा: नैराश्य, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हापुन्हा होण्याचा आजार), पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), आघातानंतरचा ताण, चारचौघांची भीती. मुलांसाठी मात्र फक्त ओसीडी, 6 वर्षांपासून. फ्लुओक्सेटिनला मुलांच्या ओसीडीसाठी 7 आणि नैराश्यासाठी 8 वर्षांपासून मान्यता आहे, मोठ्यांत बुलिमियासाठीही (अधाशासारखं खाऊन मग उलटी काढण्याचा आजार). म्हणून मुलाच्या नैराश्यात माझा कल फ्लुओक्सेटिनकडे. (ठरवायचं मनोविकारतज्ज्ञांनी, फार्मसीवाल्याने नव्हे, गोव्यात बांबोळीला सरकारी सोय आहे.) शिवाय फ्लुओक्सेटिन शरीरात जास्त दिवस रेंगाळतं, चतुर्थीच्या गडबडीत एखादी गोळी चुकली तरी निभावतं. आत्महत्येच्या विचारांबद्दलचा इशारा दोन्हींवर आहे, 24 वर्षांपर्यंतच्यांसाठी. सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं.